उतरण नव्हती ती

आमच्या कामगार कॅम्पमध्ये मला झाडपाल्यातलं कळतं असा समज होता, आणि तो मीच पसरवलेला होता. कतारला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात बसच्या रस्त्याकडेला मला रुई दिसली. तीच जाड पानं, तीच जांभळट फुलं. मग दोह्याकडच्या मुऐदरला एका व्हिलाच्या कुंपणाबाहेर बोराचं झाड दिसलं. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात. मी म्हणालो, बोर, आणि चार फळं सगळ्यांसमोर खाऊन दाखवली. पुढं वाळूत पसरलेल्या एका वेलीला चेंडूएवढी फळं लागलेली पाहिली, ती कडू इंद्रावण निघाली. तीन वेळा बरोबर आलो. माणूस बिघडायला तेवढं पुरतं.

मी ड्रायव्हर. अल खोरच्या कॅम्पमधून माणसं बसमध्ये भरायची, उत्तरेच्या गॅस प्लांटवर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. मी मुळात बोलणारा माणूस नाही. स्टीअरिंगवर बसलं की बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला मानवलं. इतकी वर्षं जे बोललो नाही ते आता लिहितोय. लिहून काही सुधारणार आहे असं नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याच शब्दावर माझे दाजी इथं आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गडी उंचापुरा, अंगानं दणकट, पोत्याखाली पाठ देऊन सरळ उभा राहणारा. त्यांना इन्सुलेशनच्या गँगमध्ये काम लागलं. प्लांटच्या पाइपांना ग्लासवूल गुंडाळायचं आणि वरून पत्रा चढवायचा. ती काचेची लोकर बारीक उडते, मास्कमधूनही आत जाते. दुसऱ्या वर्षी त्यांना खोकला लागला. कंपनीच्या क्लिनिकमधून सिरपची बाटली मिळाली, ती संपली, खोकला संपला नाही.

"मोठ्या हॉस्पिटलला दाखवू," मी म्हणालो.

"नको वो पावणं. व्हिसाचं मेडिकल तोंडावर आलंय. आत्ता कागदावर खोकला चढला आन् एक्स-रेत डाग दिसला तर खलास. पहिल्या इमानानं घरी."

त्यांची थोरली मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं शिक्षण होईपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बाकी त्यांना कतारचं काही प्रेम नव्हतं.

त्या हिवाळ्यात इथं चांगला पाऊस झाला होता. इथं पाऊस म्हणजे दोन-तीन दिवस. रस्त्यात पाणी तुंबतं, ऑफिसवाले फोटो काढतात, झालं. पण महिना-दीड महिन्यानं वाळवंटातल्या खोलगट जागा हिरव्या होतात. एका शुक्रवारी आम्ही पाच जण पिकअप घेऊन अशाच एका खळग्यात मटण शिजवायला गेलो. लाकडं गोळा करताना दाजींनी मला हाक मारली. एका काटेरी झुडपावर एक वेल चढली होती. बोटाएवढ्या जाडीचा पीळ घालत ती पार शेंड्यापर्यंत गेली होती. बदामाच्या आकाराची पानं, आणि पानांच्या बगलेतून लोंबणारे फुलांचे झुबके. फुलं बारकी, हिरवट पांढरी, कडेला जरा तपकिरी.

"ओळखा बघू," दाजी म्हणाले. "आमच्या सासूबाईंच्या दवाखान्यातलं दिसतंय."

मी एक पान खुडलं. देठातून पांढरं दूध आलं.

"उतरण," मी म्हणालो.

"ऐका! वैद्यबुवा बोलले," दाजी बाकीच्यांना ओरडून म्हणाले. "आता बुवा, आमच्या खोकल्याचं तेवढं बघा. फी म्हणून मटणातली नळी तुम्हाला."

त्यांनी चेष्टा केली, पण ती पूर्ण चेष्टा नव्हती. माझी आई गावात खोकल्याला उतरणीचा रस द्यायची. आमच्या वाडीतली निम्मी पोरं त्या रसावर वाढली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दाजी सासरवाडीला आले ते खोकतच, आणि आईनं दोन पानांचा रस मधात चाटवून चार दिवसांत त्यांना मोकळं केलं होतं. ते त्यांच्या लक्षात होतं. माझ्याही.

तरी खात्री करावी म्हणून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. रेंज नीट नव्हती. वेल दाखवली.

"धूसर दिसतंय रे सगळं. दूध निघतंय का?"

"निघतंय."

"पान चोळ आन् वास घे. उग्र यायला पायजे. नको वाटलं पायजे नाकाला."

मी पान तळहातावर चोळलं आणि नाकाशी नेलं. वास आला नाही. म्हणजे हिरव्या पाल्याचा येतो तेवढा आला, पण उतरणीचा तो उग्र, नकोसा वास नाही. मी परत चोळलं. समोर चार माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. मी नाव सांगून बसलो होतो.

"येतोय," मी म्हणालो.

"मग उतरणच हाय ती. दोन पानं, जास्ती न्हाई. आन् मधातच दे."

आईला मी खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर तिनं औषध सांगितलं. तिच्याकडं यातलं काहीही ढकलायचं नाही म्हणून हे आधी लिहितोय.

अजून एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली. ते झुडूप उंटांनी चारी बाजूंनी ओरबाडलेलं होतं. काट्यांसकट फांद्या खाल्ल्या होत्या. जिथं वेल होती तेवढाच भाग तसाच्या तसा. आमच्याकडं शेळ्या उतरणीला तोंड लावतात. हे दोन्ही मला माहीत होतं. डोक्यात आलं आणि गेलं. मटणाला उकळी फुटली होती.

कॅम्पवर आम्ही पिशवीभर पाला आणला. दुसऱ्या दिवसापासून दाजी सकाळी ड्यूटीच्या आधी रस घ्यायला लागले. स्टीलच्या वाटीत पानं ठेचायची, फडक्यातून पिळायची, वरून मध.

"पानं लई बारकी हाईत वो हितली," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले. "दोनाच्या जागी चार घेऊ का?"

"घ्या चार," मी म्हणालो. बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणालो. वर पाहिलंसुद्धा नाही.

खोकला कमी झाल्यासारखा वाटला, निदान आम्ही दोघं तसं म्हणत होतो. सहाव्या दिवशी सकाळची पहिली खेप सोडून मी रूमवर आलो तर दाजी कामावर गेलेच नव्हते. बाथरूमच्या दारात बसून ओकत होते. कपाळाला हात लावला तर गार, चिकट.

"पावणं, ही ट्यूबलाईट पिवळी झालीया का?"

"नाही की."

"मला सगळं पिवळं दिसतंय. हळदीत बुडवल्यागत."

मी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथं त्यांच्या छातीला वायरी लावल्या. मशीनमधून कागद निघाला तो बघून डॉक्टरनं दुसरा काढायला लावला. नाडी फार कमी पडत होती. डॉक्टर तरुण होता, इंग्रजी बोलणारा, हिंदी त्याला येत नव्हती. दाजींना मराठी आणि कामापुरती हिंदी. मधे मी. डॉक्टर विचारायचा, मी दाजींना सांगायचो, दाजी सांगायचे ते मी डॉक्टरला सांगायचो. छातीत दुखतं का, आधी कधी चक्कर आली का, घरात कुणाला हार्टचं आहे का. सगळं बरोबर सांगितलं.

मग डॉक्टरनं विचारलं, काही औषध घेतलंय का. गोळी, पावडर, झाडपाला, काहीही.

मी दाजींना तसंच विचारलं.

"पानांचं सांगा की त्यांना," दाजी म्हणाले. आवाज खोल गेला होता. "आपण ती पानं घेतली, ते सांगा."

मी तेव्हा काय विचार केला ते आज नीट मांडता येतं. तेव्हा विचार असा नव्हताच, नुसती भीती होती. परक्या मुलखात एका माणसाला मी विष पाजलं असं कागदावर येईल. पोलीस येतील. वाळवंटातला पाला तोडायलाही इथं बंदी आहे असं ऐकलं होतं. पण खरं सांगायचं तर या सगळ्याच्याही वर एक होतं. चार माणसांत मी उतरण म्हणालो होतो आणि ती उतरण नाही, हे मलाच माझ्या तोंडानं सांगावं लागणार होतं.

"नो, डॉक्टर," मी म्हणालो. "ओन्ली कफ सिरप."

डॉक्टरनं कागदाकडं पाहिलं. "आर यू शुअर?"

"शुअर."

दाजींना इंग्रजी येत नव्हतं. पण नो कुणाला कळत नाही? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं पत्ता चुकीचा सांगितला की आपण पाहतो तसं. मग त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

पाच दिवसांनी नाडी आपोआप वर आली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, म्हणून त्यांनी जे दिसत होतं ते लिहिलं. हृदयाचे ठोके चालवणारी यंत्रणा कमजोर. उंचावरचं काम नाही, जड काम नाही. कंपनीनं तो कागद वाचला आणि दाजींना घरी पाठवलं. ज्या खोकल्यापायी नोकरी जाईल म्हणून भीत होते, त्याचा त्या कागदावर उल्लेखही नव्हता.

विमानतळावर बॅगेची चेन लावताना ते एवढंच म्हणाले, "पानांचं तुमच्या आक्काला सांगू नका. तुमच्या आईला कळलं तर म्हातारी खंगंल."

मी ते वाक्य धरून बसलो. जणू मला कायमची परवानगी मिळाली.

तालुक्याच्या डॉक्टरनं कतारचा कागद पाहून गोळ्या सुरू केल्या. वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, दमायचं नाही. आक्कानं ते शब्दशः पाळलं. दाजींच्या हातातली बादली ती काढून घ्यायची. म्हशीची धार, खत, पाणी, सगळं तिनं अंगावर घेतलं. थोरलीनं नर्सिंग सोडलं, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं. दरवर्षी मी सुट्टीवर जायचो तेव्हा दाजी ओसरीच्या खुर्चीत बसलेले असायचे. पोट सुटलेलं, दंड लोंबलेले. एका वर्षी मी दोह्याहून त्यांना बीपीचं मशीन नेलं. ते दिवसातून तीनदा दंडाला पट्टा लावून आकडे बघत बसायचे. मशीन नेलं म्हणून आक्कानं मला पुरणपोळी केली. मी खाल्ली.

आई चार वर्षांपूर्वी गेली. आता म्हातारी खंगण्याचा प्रश्न उरला नव्हता. तरी मी बोललो नाही. मनाला मी एक सांगत आलो होतो, की असेल ती उतरणच, आणि असेल दाजींचं काळीज आधीपासून नाजूक. दोन्ही खरं असेल तर माझ्याकडं काही येत नाही. मोबाईलमध्ये फोटो टाकला की झाडाचं नाव सांगणारं ॲप आलं, रूममधल्या एकानं मला दाखवलं. त्या दिवशीचे फोटो माझ्याकडं होते, एक वेलीचा, एक वेलीजवळ दात काढून उभ्या दाजींचा. मी त्या ॲपमध्ये सगळ्या जगाची झाडं टाकून पाहिली. ती वेल टाकली नाही.

यंदा जानेवारीत पाऊस झाला. फेब्रुवारीच्या शेवटी एका शुक्रवारी मला मिनीबसची ड्यूटी लागली. अल खोरमधल्या काही फॅमिलींना रानफुलं बघायला न्यायचं होतं. पुढच्या सीटवर एक मॅडम बसल्या होत्या, शाळेत बायोलॉजी शिकवणाऱ्या, केरळच्या. हिंदी अडखळत पण गोड बोलायच्या. रस्ता त्यांनीच सांगितला, आणि मी गाडी थांबवली तेव्हा कळलं, तोच खळगा. झुडूप जरा मोठं झालं होतं. वेल होती. फुलली होती.

सगळे फोटो काढून पुढं गेल्यावर मी मॅडमजवळ गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं.

"मॅडम, ये उतरण है ना? हमारे गाँव में होती है."

त्यांनी पर्समधून छोटं भिंग काढलं. पान उलटं करून मला दाखवलं. "देखो भैया, ये मखमल जैसा. पूरा सफेद रोयाँ. आपके वाले का पत्ता इससे बड़ा, पतला, हरा. स्मेल भी आता है. ये उसका कज़िन है. फूल सेम, दूध सेम, इसलिए सब धोखा खाते हैं. यहाँ इसको घल्गा बोलते हैं. पुराने लोग चमड़े का बाल निकालने के लिए यूज़ करते थे, इतना तेज़ है." त्या हसल्या. "ऊँट भी नहीं खाता."

"किसी ने पी लिया तो?"

"इसका ज़हर हार्ट पे जाता है. धड़कन स्लो. उल्टी. नज़र पीली." मग त्यांनी भिंग बंद केलं आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "किसने पिया?"

"ऐसे ही पूछा. और बच गया तो? हार्ट खराब रह जाता है?"

"मैं डॉक्टर नहीं हूँ भैया. लेकिन ज़हर निकल गया तो धड़कन वापस ठीक हो जानी चाहिए. पर डॉक्टर को बताना पड़ता है कि क्या पिया. नहीं तो वो समझेगा हार्ट का पेशंट है."

मी शुक्रन म्हणालो. का कुणास ठाऊक, त्यांच्याशी अरबीत बोललो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी, गावी जेवणं झाली असतील तेव्हा, मी दाजींना फोन लावला. ती उतरण नव्हती, वासाचं मी आईला खोटं सांगितलं, डॉक्टरला मी नाही म्हणालो, सगळं एका दमात सांगितलं. मॅडमचं बोलणंही सांगितलं. दाजी ऐकत होते. मधे एकदा खोकले.

"मंग माझं काळीज?" ते म्हणाले.

"बरं असणार दाजी. तेव्हा तरी बरंच असणार."

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"नो म्हणालात ते मला त्याच टायमाला कळलं हुतं," ते म्हणाले. "मला वाटलं, पानांनी काय झालं नसंल, म्हणून म्हणाला असाल. तुम्हाला झाडातलं कळतंय." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आक्काचा फोन. ती धापा टाकत होती. "काय सांगितलंस रे तू ह्यांना काल? सकाळी उठून कुदळ घेऊन मळ्यात गेले. मी आडवी आले तर मला बाजूला सारलं. म्हणाले, मला काय बी झालेलं न्हाई. तिकडं बांधावर बसलेले गावले. तोंड काळंनिळं. मोटरसायकलवर मधी धरून आणलं. आल्या आल्या आपल्या तोंडानं गोळी मागितली."

"आता कसे आहेत?"

"निजलेत. काय सांगितलंस?"

मी तिला सांगितलं. दाजींना सांगितलं त्यापेक्षा हळू सांगितलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. तिनं गॅस बंद केला नाही.

"अकरा वर्षं मी त्यांना बादली उचलू दिली न्हाई," आक्का म्हणाली. "भांडून काढून घ्यायची हातातनं. चारचौघांत काढून घ्यायची." मग म्हणाली, "आता डॉक्टरला सांगितलं तर चालंल का?"

त्या आठवड्यात ती त्यांना तालुक्याला घेऊन गेली. सगळ्या तपासण्या परत केल्या. डॉक्टरनं पानांची हकीकत ऐकली आणि म्हणाला, तेव्हाचं आता काही सांगता येणार नाही. अकरा वर्षं बसून आहेत, वजन वाढलंय, बीपी आहे, साखर आहे. हृदय आता मोठं झालंय. आता हे खरंच हार्टचे पेशंट आहेत. गोळ्या बंद करू नका.

हे आक्कानं मला फोनवर सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखं, शब्द न् शब्द. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्या जेवणाची चौकशी केली.

"दाजींना देतेस का जरा?" मी विचारलं.

तिनं फोनवर हात ठेवला, पण नीट झाकला गेला नाही. "बोलताय का? त्यो इचारतोय," ती म्हणाली.

"न्हाई म्हणून सांग," दाजींचा आवाज आला. अगदी जवळून, स्वच्छ.

आक्कानं हात काढला. "झोपलेत रे ते," ती म्हणाली. "उठले की सांगते."

"बरं," मी म्हणालो.